गडग्याकडेची एकदांडी कशी बघावी

कोकणात रानफुलं बघायची म्हटलं की नवखा माणूस सप्टेंबरची वाट बघत बसतो. तेव्हा सडे, म्हणजे कातळाची पठारं, फुलतात, तेरडा, सीतेची आसवं, सोनकी सगळं एकदम येतं. ते बघायलाच हवं, पण शिकायला ते दिवस बरे नव्हेत. इतकं काही एकाच वेळी फुललेलं असतं की मोबाइल फोटोंनी भरतो आणि ओळख एकाशीही होत नाही. माझं मत विचाराल तर सुरुवात अशा झाडापासून करावी जे बाराही महिने भेटतं, उपटलं तर कोणी रागावत नाही आणि ज्याचं फूल नुसत्या नखांनी उलगडता येतं. एकदांडी अगदी असंच झाड आहे.

दगडी पाला, कंबरमोडी अशीही तिची नावं आहेत आणि गावागणिक ती बदलतात. म्हणून वहीत गावचं नाव लिहा आणि शेजारी शास्त्रीय नावही लिहा: ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. हे नाव लिनियसने १७५३ साली दिलं. झाड मूळचं उष्ण अमेरिकेतलं, पण आता आपल्या मेरेवर इतकं रुळलंय की परकं आहे हे सांगूनही कोणाला पटत नाही. काजूचं तरी वेगळं काय आहे म्हणा. कुळ सूर्यफुलाचं, म्हणजे झेंडू, शेवंती, माका, सहदेवी ही सगळी तिची भावकी. जगभरात या कुळात २५ हजारांहून अधिक जाती आहेत. एका एकदांडीवर नीट हात बसला की त्यातल्या बऱ्याच जणांचं निदान कुळ तरी लांबून सांगता येतं.

काय लागेल

१० पट मोठं दाखवणारं भिंग. सोनार किंवा घड्याळवाले डोळ्याला लावतात तसलंही चालेल. एक शिवायची सुई, जुनं ब्लेड, पांढरा कागद, पट्टी आणि वही. बस. भिंग वापरायची एक रीत असते: भिंग डोळ्याशी अगदी जवळ धरायचं आणि फूल हळूहळू भिंगाकडे आणायचं. बहुतेक जण उलटं करतात, भिंग फुलावर धरून लांबून डोकावतात आणि काही दिसत नाही म्हणून वैतागतात.

कुठे आणि कधी शोधायची

लांब जायचं नाही. खळ्याची कड, पाणंदीचा काठ, जांभ्याच्या गडग्याचा म्हणजे दगडी कुंपणाचा पायथा, शाळेचं मैदान, एसटी थांब्यामागची मुरमाड जागा, माडाच्या बागेतली उघडी जमीन, जिथे ऊन पडतं आणि माणसाचा पाय फिरतो तिथे ती असतेच. गर्द सावलीत, दाट रायवळीखाली किंवा देवराईच्या आत शोधू नका, तिथे ती टिकत नाही. खाजणाच्या खारट चिखलातही नाही.

फुलं बारमाही असली तरी बघायला ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ सगळ्यात सोयीचा. तीन हजार मिलिमीटरच्या वरचा पाऊस ओसरलेला असतो, गवत खाली बसायला लागतं आणि एकदांडीचे दांडे त्यातून वर दिसतात. एप्रिल-मे महिन्यांत कातळावरची रोपं वाळून जातात, मात्र न्हाणीघराच्या पाण्यावर वाढलेली हिरवीगार राहून फुलत राहतात. पुस्तकात हिला बहुवर्षायू म्हटलेलं असतं आणि कातळावर ती वर्षभरात मेलेली दिसते, म्हणून गोंधळू नका. पाणी मिळालं तर ती वर्षानुवर्षं जगते, नाही मिळालं तर एका मोसमात आटोपतं घेते. दोन्ही जागची रोपं मुळासकट उपटून शेजारी ठेवा. परसातल्या जुन्या रोपाचा बुंधा लाकडासारखा कडक आणि मूळ जाड झालेलं असेल.

वेळ सकाळची, ऊन चढल्यावरची. दव वाळलेलं असतं आणि फुलपाखरं आलेली असतात. आणि एक महत्त्वाचं. गडग्याच्या चिऱ्यांच्या फटीत हात घालू नका, पडलेला चिरा हाताने उलटू नका. आपल्याकडे फुरसं अशाच जागी दडून असतं आणि ते सहज दिसत नाही. काठीने गवत हलवा, मग खाली बसा. कुंपणावर खाजकुइलीच्या शेंगा लटकत असतील तर वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभंही राहू नका.

आधी खोड आणि पानं

फुलाकडे लगेच धावू नका. एक फांदी हातात घेऊन ती मातीपासून वर निघते तिथवर बोट फिरवा. खोड आधी जमिनीलगत पसरतं आणि मग टोकाशी डोकं वर काढतं. जमिनीला टेकलेल्या पेराशी बारीक पांढरी मुळं फुटलेली दिसतील. ती दिसली नाहीत तर पेर हलक्या हाताने उचलून बघा, माती चिकटून वर येते. यामुळेच ही बागेतून काढताना दमवते: मधलं मूळ उपटलं तरी फांद्या आपापल्या मुळांवर जगतात. बेणणी करणाऱ्या बायकांना हे पुस्तक न वाचता ठाऊक असतं.

खोडावर आणि पानांवर राठ पांढरे केस असतात. पान गालावर घासून बघा, खरखर लगेच कळते. आता भिंगाखाली पानाची वरची बाजू धरा. प्रत्येक केसाच्या बुडाशी फुगीर भाग असतो आणि केस काचेसारखा पारदर्शक दिसतो. उन्हाकडे तिरपं धरलं की जास्त चांगलं दिसेल.

पानं समोरासमोर, जोडीने येतात. ही गोष्ट वहीत अधोरेखित करा, पुढे तुलनेत तिचा फार उपयोग होतो. पानाची लांबी साधारण ३ ते ७ सेंटीमीटर, आकार भाल्याच्या पात्याकडे झुकणारा, कडा ओबडधोबड दातेरी. काही पानांना बुडाशी खोल खाच असते, काहींना नसते. एकाच रोपावर दोन्ही तऱ्हा सापडतात, तेव्हा एका पानावरून निकाल देऊ नका.

दांडा आणि टोपी

फांदीच्या टोकातून एकटा दांडा सरळ वर येतो, १० ते ३० सेंटीमीटर उंच. त्यावर पान नाही, फाटा नाही, टोकाला एकच फूल. बाकीचं झाड भुईसरपट आणि फूल मात्र वितभर वर, ही ठेवण रस्त्याच्या कडेला दहा पावलांवरूनही ओळखू येते. गवतात बुडालेल्या झाडाचं फूल वर राहिल्याने किडे-फुलपाखरांना ते सापडतं आणि नंतर वाऱ्यालाही.

दांडा तोडा आणि फूल बाजूने बघा. वरून बघायचा मोह आवरा. बाजूने बघितलं की खाली हिरव्या, केसाळ पाकळ्यांसारख्या तुकड्यांची एक टोपी दिसते, घंटेच्या आकाराची. नवखे लोक याला संदल, म्हणजे फुलाच्या पाकळ्यांखालचा हिरवा भाग, म्हणून मोकळे होतात. ती संदलं नव्हेत, ती छदं आहेत, म्हणजे फुलांच्या बुडाशी येणारी छोटी पानं. त्यांच्या दोन-तीन ओळी असतात, बाहेरची जाड आणि हिरवी, आतली पातळ. या टोपीला छदमंडल म्हणतात. खरी संदलं कुठे गेली हे थोड्या वेळाने कळेल, ती अजब रूपात आहेत.

आता फूल सोडवा

पांढरा कागद अंगणात सपाट दगडावर ठेवा, वारा नसेल अशा जागी. फूल दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी मधोमध फाडा, म्हणजे उभा छेद मिळतो. ब्लेडने कापलंत तरी चालेल, पण फाडल्यावर भाग चिरडत नाहीत असा माझा अनुभव आहे.

दिसतं ते असं. तळाशी किंचित फुगीर गादी. तिच्यावर दाटीने उभी असलेली पुष्कळ छोटी छोटी फुलं. म्हणजे दांड्याच्या टोकाला आपण ज्याला एक फूल म्हणत होतो तो फुलांचा अख्खा जमाव आहे. या जमावाला स्तबक म्हणतात आणि सूर्यफूल कुळाची ही पहिली खूण. स्तबक साधारण एक ते दीड सेंटीमीटर रुंद असतं.

सुईने एकेक फूल सोडवून कागदावर मांडा. दोन ढीग आपोआप होतील.

कडेची फुलं मोजकी, बहुतेक वेळा पाच, कधी तीन, कधी सहा. ही किरणपुष्पकं. प्रत्येकाला एक रुंद, पांढरट किंवा फिकट पिवळी जीभ बाहेर आलेली असते, जिला आपण लांबून पाकळी समजतो. तिच्या टोकाचे दाते भिंगातून मोजा, तीन असतात. बुडाशी नळी आणि नळीतून डोकावणारा दोन फाट्यांचा धागा, म्हणजे कुक्षी. पुंकेसर शोधू नका, नाहीतच. कडेची फुलं फक्त मादी आहेत.

मधली फुलं खूप, पिवळी, नळीसारखी, टोकाला पाच दाते. ही बिंबपुष्पकं. यांच्यात नर आणि मादी दोन्ही भाग आहेत. प्रत्येक बिंबपुष्पकाशेजारी एक पातळ, कोरडा, टोकदार तुकडा उभा असतो, तो फेकून देऊ नका. माझ्याबरोबर आलेले बरेच जण तो कचरा समजून फुंकून टाकतात. गादीवरचं हे छद कुळातल्या काही जातींत असतं, काहींत नसतं आणि जात ठरवताना ते कामाला येतं.

किती बिंबपुष्पकं निघाली ते मोजून लिहा. दुसरं फूल घेऊन परत मोजा. आकडा जुळणार नाही आणि तेच बघायचं आहे. परसातल्या धष्टपुष्ट रोपाचं एक स्तबक आणि कातळावरच्या उपाशी रोपाचं एक, असं शेजारी मोजलंत तर आणखी गंमत.

एका बिंबपुष्पकाचं पोट

इथे घाई करू नका, या सगळ्या उद्योगातला सर्वांत रसाळ भाग हाच.

नुकतंच उघडलेलं एक बिंबपुष्पक निवडा. ते कसं कळणार? स्तबक वरून बघा. फुलं बाहेरून आत उमलत जातात. कडेच्या गोलातली आधी, मग त्याच्या आतली, अगदी मध्याच्या अजून कळ्याच असतात. कळ्यांना लागून जो उघडा गोल असेल त्यातलं एक उचला.

सुईच्या टोकाने नळी उभी चिरा. आत पाच परागकोश एकमेकांना कडेने चिकटून त्यांचीच एक छोटी नळी झालेली दिसेल. त्यांचे तंतू मात्र सुटे असतात. ही या कुळाची दुसरी पक्की खूण. झेंडू उघडा, शेवंती उघडा, सूर्यफूल उघडा, हीच रचना मिळते. सूर्यफुलात ती इतकी मोठी असते की भिंगाशिवाय दिसते, म्हणून हात अजून बसला नसेल तर आधी बाजारातलं सूर्यफूल आणून सराव करा.

या नळीचं काम असं चालतं. परागकोश फुटतात ते आतल्या बाजूला, म्हणजे पराग नळीच्या आतच सांडतो. खालून कुक्षीचा दांडा वाढत वर येतो. त्याचे दोन फाटे या वेळी मिटलेले असतात आणि बाहेरून केसाळ असतात. बाटली धुवायचा ब्रश आतून वर ढकलावा तसा तो नळीतला पराग पुढे रेटत तोंडाशी आणून ठेवतो. तिथून फुलपाखराच्या पायाला, सोंडेला तो लागतो. सगळा पराग बाहेर गेला की मग दोन फाटे उलगडतात आणि त्यांची आतली बाजू दुसरीकडून आलेला पराग घ्यायला मोकळी होते. म्हणजे प्रत्येक बिंबपुष्पक आधी नर आणि नंतर मादी.

आता पुन्हा पूर्ण स्तबकाकडे वळा. बाहेरच्या गोलातली फुलं फाटे उलगडून मादी झालेली, मधल्या गोलातली पराग देणारी, आतल्या कळ्या. किरणपुष्पकं तर मादीच. एकाच टिचभर चकतीवर सगळ्या अवस्था. भिंगातून फाट्यांची स्थिती बघून प्रत्येक गोल कोणत्या अवस्थेत आहे ते वहीत तीन वर्तुळं काढून लिहा. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की कुळाची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

जमल्यास तोडण्याआधी थोडा वेळ नुसतं बसून बघा. एकदांडीवर लहान फुलपाखरं फार येतात, पिवळी आणि निळसर चिमुकली तर हमखास. ती स्तबकावर उतरून सोंड एका नळीतून काढून दुसरीत घालत गोल फिरतात. बागेत फुलपाखरं हवीत म्हणून महाग रोपं आणणारे लोक आधी बेणून एकदांडी काढून टाकतात, याचं मला नेहमी हसू येतं.

फळ आणि तुरा

आता वाळलेलं स्तबक शोधा, राखाडी-पांढरा गोल झालेलं. त्यातून एक तुकडा चिमटीत धरून ओढा. खाली दोनेक मिलिमीटरचं काळपट, मऊ केसांनी झाकलेलं काहीतरी आणि त्यावर पिसासारखा तुरा. सगळे त्याला बी म्हणतात. ते अख्खं फळ आहे, आत एकच बी असलेलं, न फुटणारं. मराठी वनस्पतिशास्त्रात याला संकृत्स्नफळ म्हणतात. शब्द जड आहे, वहीत एकदा लिहा आणि बोलताना खुशाल फळ म्हणा.

मघाशी हरवलेली संदलं इथे सापडतात: हा तुराच ती संदलं. फुलात परत बघा, नळीच्या बुडाशी, बीजकोशाच्या माथ्यावर हाच तुरा आखूड रूपात आधीपासून असतो. यावरून दुसरी गोष्टही कळते. बीजकोश पाकळ्यांच्या खाली आहे, वर नाही. या कुळात तो नेहमी खालीच असतो.

भिंगाखाली तुऱ्यातली एक काडी बघा. तिला दोन्ही बाजूंनी आणखी बारीक केस आहेत, म्हणून ती पिसासारखी दिसते. हे लक्षात ठेवा, सहदेवीच्या तुऱ्याची काडी अशी नसते. किरणपुष्पकाच्या फळाचा तुरा बिंबपुष्पकाच्या फळापेक्षा आखूड असतो, दोन्ही शेजारी ठेवून पट्टीने मोजा. रुईची म्हातारी हाताशी असेल तर तीही आणा. दोन्ही उडतात, पण रुईत केस थेट बीला लागलेले असतात, शेंग फुटून बी बाहेर येते. एकदांडीत केस फळाच्या माथ्यावर आहेत आणि ते मुळात संदल. दिसायला एक, घडण अगदी निराळी.

पावसाच्या झडीत हे तुरे भिजून एकमेकांना चिकटतात आणि फळं उडत नाहीत. ऊन पडलं की परत फुलतात. ऑक्टोबर हीट सुरू झाली की पांढरे गोल एकामागून एक रिकामे होताना दिसतात, मागे उरते ती उघडी गादी आणि खाली वळलेली छदं. या उडण्यामुळेच जगभरच्या उष्ण प्रदेशात ही पसरली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तर ती केंद्र सरकारच्या उपद्रवी तणांच्या यादीत आहे.

त्याच वाटेवरची भावकी

एकदांडी उलगडून झाली की तोच कागद, तीच सुई घेऊन पुढची झाडं घ्या. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: या स्तबकात कोणकोणती फुलं आहेत? उत्तरं तीन.

पहिलं, कडेला जिभा आणि मध्ये नळ्या. एकदांडी, सूर्यफूल, माका यातले. माका व्हाळाच्या काठी, भाताच्या खाचरात, ओलीला येतो. पानं त्याचीही समोरासमोर, फूल पांढरं, म्हणून नवखे चुकतात. पण माक्याच्या जिभा पुष्कळ आणि धाग्याइतक्या बारीक, दांडा आखूड, पान अरुंद आणि फळाला पिसांचा तुरा नाही. शिवाय पान चुरगळून बोटांवर चोळलं की थोड्या वेळाने काळपट डाग पडतो. तेलासाठी माका गोळा करायला निघालात तर ही तपासणी आधी करा.

दुसरं, सगळ्या नळ्याच, जिभा नाहीत. सहदेवी घ्या, अंगणात हमखास मिळते. जांभळट छोटी स्तबकं, पानं एकाआड एक. रानमोडीही यातलीच: पुरुषभर उंच झुडूप, हिवाळ्यात फिकट जांभळट पांढऱ्या फुलांनी भरणारं, पान चुरगळल्यावर उग्र वास. आंबा-काजूच्या पडीक बागांत तिने काय केलंय ते तुम्हाला सांगायला नको.

तिसऱ्या उत्तरासाठी पुळणीवर जावं लागेल, आणि हे जाणं मुळीच चुकवू नका. भरतीच्या रेषेच्या वर, मर्यादवेलीच्या आसपास उघड्या वाळूत चपटी पानांची चकती दिसेल, कडा वाकड्यातिकड्या कापलेल्या. तिच्यातून दोरीसारखी खोडं वाळूवरून पसरतात, पेरापेराशी मूळ धरतात आणि तिथे नवी चकती तयार होते. तिचं शास्त्रीय नाव लॉनिया सारमेंटोसा, हीही बहुवर्षायू. फूल पिवळं. पान तोडा, पांढरा चीक येतो, जो एकदांडीला येत नाही. स्तबक सोडवा: नळी एकही नाही, सगळ्या जिभाच. आणि जिभेच्या टोकाचे दाते मोजा. पाच. एकदांडीच्या जिभेला तीन होते. पुळणीवरच्या जिभेत पाच पाकळ्या एकत्र जुळल्या आहेत आणि प्रत्येक फुलात नर-मादी दोन्ही भाग आहेत. या एका मोजणीने कुळातले दोन मोठे गट वेगळे होतात, बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका.

खाडीच्या कडेला, कांदळवनाच्या पाठीमागे, झुडपांवर रेललेली मोठ्या खरखरीत पानांची आणि पिवळ्या फुलांची एक जात आढळते, वोलास्टोनिया बायफ्लोरा. ती पहिल्या गटातली, पण फळाला तुरा जवळजवळ नसतोच. तिच्याशी गोंधळ होईल अशी दुसरी म्हणजे नर्सरीत वेडेलिया म्हणून मिळणारी. चकचकीत, तीन खंडांची पानं, नारिंगीकडे झुकणारा पिवळा रंग. हॉटेलांच्या आवारात, बंगल्यांच्या उतारावर ती हिरवळ म्हणून लावतात. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परकीय जातींच्या यादीत तिचं नाव आहे. खोडाचा तुकडा ओल्या जागी पडला तरी रुजते, त्यामुळे छाटलेला पाला व्हाळात टाकणं म्हणजे खालच्या वाडीला भेट पाठवणं. कोणी फुकट दिलं तरी लावू नका.

रस लावावा का

हा प्रश्न येणारच. कोयता लागला, खरचटलं की एकदांडीचा पाला चोळून रस लावायची रीत आपल्याकडे जुनी आहे. मी तिची टिंगल करणार नाही. पण पाणंदीच्या कडेचा धुळीचा पाला उघड्या जखमेवर दाबताना त्याबरोबर मातीही जाते. आधी साबणाने आणि वाहत्या पाण्याने जखम धुवा. खोल असेल, गंजक्या लोखंडाची असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. पोटात घेण्याचे प्रयोग तर करूच नका. या कुळातल्या काही झाडांची त्वचेला ॲलर्जी होते, गाजर गवताची तर सर्वांना माहीत आहे, तेव्हा हाताला खाज सुटली तर त्या दिवसापुरतं थांबा.

नोंद, फोटो आणि वाळवण

फोटो पाच काढा: झाड आणि भोवतालची जागा, पानाच्या दोन्ही बाजू, फूल वरून, फूल बाजूने म्हणजे छदं दिसतील असं, आणि पांढरा झालेला गोल. बाजूला पट्टी किंवा एक रुपयाचं नाणं ठेवा. ओळख विचारायला येणारे निम्मे फोटो नुसते वरून काढलेले असतात आणि त्यावरून जाणकारालाही काही सांगता येत नाही.

वाळवायचं असेल तर पूर्ण पिकलेला गोल असलेली फांदी घेऊ नका, दाबताना सगळा तुरा सुटून कागदभर होतो. कळी, उमललेलं फूल आणि निम्मं सुकलेलं स्तबक एकाच फांदीवर असेल अशी निवडा आणि मूळही घ्या. पिकलेली फळं वेगळ्या कागदी पुडीत. रद्दीच्या पेपरात फांदी पसरा, एक पान उलटं करून ठेवा म्हणजे मागची बाजूही दिसेल, वर जड पाट किंवा चिरा. पेपर पहिले चार-पाच दिवस रोज बदला. आपल्या दमट हवेत हा आळस केला की बुरशी धरलीच. जून ते सप्टेंबरमध्ये वाळवायचंच असेल तर कोरडे पेपर चुलीच्या उबेला गरम करून बदलत राहा. किरणांचा पांढरा रंग सुकल्यावर पिवळट पडतो, म्हणून ताज्या फुलाचा रंग तिथल्या तिथे लिहून ठेवा.

चिठ्ठीवर काय असावं याचा नमुना:

एकदांडी, ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स, सूर्यफूल कुळ. वाडी, गाव, तालुका, जिल्हा. तारीख. जांभ्याच्या गडग्याच्या पायथ्याशी, मुरमाड माती, दिवसभर ऊन. खोड भुईसरपट, पेराशी मुळं. दांडा २२ सेंटीमीटर. किरणपुष्पकं ५, ताजी असताना फिकट पिवळी. बिंबपुष्पकं पिवळी, बाहेरचे दोन गोल उमललेले. गोळा करणाऱ्याचं नाव.

यात दांड्याची लांबी, किरणांची संख्या आणि रंग तुमच्या रोपाप्रमाणे भरा, हे आकडे उतरवून काढू नका. वाळलेला नमुना जाड कागदावर दोऱ्याने टाचा, फेव्हिकॉलने पूर्ण चिकटवू नका, कारण पुढे पान उचलून मागची बाजू बघावी लागते. मग तो घट्ट झाकणाच्या डब्यात, कडुनिंबाच्या वाळक्या पाल्याबरोबर ठेवा आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून झुरळ-कसर लागली नाही ना ते तपासा.